‘फाउंडर्स ऑनलाइन’: सत्तेच्या वाटणीचं भांडण मूळ पत्रांतून

विकेंद्रीकरण हा शब्द सातारा-सांगलीला नवा नाही. १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा मुख्यमंत्री होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. त्याआधी १९३९मध्ये औंध संस्थानानं गावपंचायतीच्या पायावर उभी केलेली राज्यघटना अमलात आणली होती. त्या संस्थानातलं औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि आटपाडी सांगलीत. १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इथल्याच गावांत न्यायनिवाडे केले. एवढा वारसा असूनही ग्रामसभेत, वक्तृत्व स्पर्धेत किंवा स्पर्धा परीक्षेच्या वर्गात अमेरिकेचा दाखला निघाला, की तो बहुतेक वेळा ऐकीव असतो. ‘तिकडं सगळे अधिकार राज्यांकडं असतात’, ‘जेफरसन म्हणाला होता’, एवढ्यावर भागतं. जेफरसन नेमकं काय म्हणाला, कुणाला, कोणत्या तारखेला आणि कशासाठी, हे पाच मिनिटांत तपासायची सोय फुकट उपलब्ध आहे. तिचं नाव ‘फाउंडर्स ऑनलाइन’.

ही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सेवा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेच्या साथीनं ती जून २०१३मध्ये सुरू झाली. अमेरिकेच्या स्थापनेतले नेते जॉर्ज वॉशिंग्टन, बेंजामिन फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स, थॉमस जेफरसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मॅडिसन यांनी लिहिलेले व त्यांना आलेले कागद तिच्यावर आहेत. पुढं जॉन जे यांचेही आले. एकूण कागद पावणेदोन लाखांहून अधिक. नोंदणी नाही, पैसे नाहीत. ब्राउझरमध्ये फाउंडर्स डॉट आर्काइव्हज डॉट जीओव्ही टाकलं की झालं. पानावर टंकलेला मजकूर असल्यानं साताऱ्याच्या अभ्यासिकेतल्या साध्या मोबाइलवरही ते चटकन उघडतं. हस्ताक्षराची छायाचित्रं मात्र इथं मिळणार नाहीत. त्यांतली बरीचशी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात.

या सेवेची खरी किंमत एकाच पत्रातून कळते, म्हणून आधी ते पत्र. २ फेब्रुवारी १८१६. जेफरसननं जोसेफ कॅबेल या व्हर्जिनियाच्या राज्य सिनेटरला लिहिलेलं. विषय प्राथमिक शाळांचा. शाळा कुणी चालवायच्या, गव्हर्नर आणि त्याच्या मंडळानं, शिक्षण निधीच्या आयुक्तांनी, की त्या त्या वॉर्डातल्या पालकांनी? वरचं कुठलंही सरकारी मंडळ पालकांपेक्षा शाळा चांगली चालवील, हा समज सगळ्या अनुभवाच्या विरुद्ध आहे, असं जेफरसन लिहितो. पुढं म्हणतो, हेच तत्त्व एक पाऊल पुढं न्या आणि आपली शेतं, गिरण्या आणि दुकानंही गव्हर्नरकडं सोपवा. मग तो सत्तेची उतरंड मांडतो. देशाचं संरक्षण आणि परराष्ट्र संबंध राष्ट्रीय सरकारकडं. नागरी हक्क, कायदे, पोलीस राज्याकडं. स्थानिक कामं काउंटीकडं, म्हणजे राज्याच्या आतल्या विभागाकडं. आणि वॉर्डाच्या आतलं वॉर्डाकडं. वाटणी करत करत शेवटी माणूस आपलं शेत आणि आपला व्यवहार स्वतः बघतो, तिथं ती थांबते.

पण पत्राचा कणा त्याच्या मधल्या परिच्छेदात आहे. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना डिसेंबर १८०७मध्ये परदेशी व्यापारावर बंदी घालणारा कायदा झाला होता. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या बंदरांचं त्यात कंबरडं मोडलं आणि तिथल्या टाउनशिपनी, म्हणजे स्वतःचा कारभार बघणाऱ्या गावांनी, ठरावांवर ठराव केले. सरकारचा पाया आपल्या पायाखाली हादरताना जाणवला, अशी कबुली जेफरसन या पत्रात देतो. आपल्याच निर्णयाविरुद्ध उठलेल्या गावसभांचं बळ त्यानं सोसलं, आणि तरी तेच बळ व्हर्जिनियाला हवं असं तो म्हणतो. दक्षिणेतल्या अवाढव्य काउंट्यांचं काय झालं असतं? सभा बोलावली असती तर कोर्टाच्या आसपास पिऊन रेंगाळणारे तेवढे जमले असते. कारण अंतर इतकं, की कामाच्या माणसाला यायला सवडच नाही. तालुक्याच्या गावी दिवस मोडून जाणाऱ्या माण-खटावच्या शेतकऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

वॉर्ड म्हणजे किती मोठा? याचं उत्तर दुसऱ्या पत्रात आहे, जॉन अ‍ॅडम्सला २८ ऑक्टोबर १८१३ रोजी लिहिलेल्या. पाच-सहा मैल चौरस, म्हणजे प्रत्येक बाजू आठ ते साडेनऊ किलोमीटर आणि क्षेत्रफळ ६५ ते ९३ चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेचा प्रभाग डोळ्यांपुढं आणला तर सगळं चुकतं. आपल्याकडच्या चार-सहा गावांचा पट्टा मिळून हा वॉर्ड होतो, म्हणजे आकारानं पंचायत समितीच्या गणाशी जास्त जवळ. आणि वॉर्डाकडं कामं कोणती? ती यादी १२ जुलै १८१६च्या सॅम्युएल केर्चेव्हलला लिहिलेल्या पत्रात आहे. लोकांनी निवडलेला न्यायाधीश, एक शिपाई, नागरी सैन्याची तुकडी, गस्त, शाळा, गावच्या गरिबांची काळजी, सार्वजनिक रस्त्याचा आपल्या वाट्याचा तुकडा, ज्युरीची निवड, आणि वरच्या सगळ्या पदांसाठीचं मतदान वॉर्डातच. ही यादी कागदावर उतरवून घ्या आणि शेजारी आपल्या घटनेच्या अकराव्या अनुसूचीतले २९ विषय ठेवा. रस्ते, प्राथमिक शिक्षण आणि दुर्बल घटकांचं कल्याण दोन्हीकडं आहे. न्याय आणि पोलीस आपल्या यादीत कुठंच नाहीत. प्रतिसरकारनं जी दोन कामं आधी हातात घेतली, नेमकी तीच.

ही तिन्ही पत्रं शोधायची रीत सांगतो, कारण इथं नवखा माणूस हमखास अडकतो. शोधपेटीत नुसतं जेफरसन आणि वॉर्ड असं इंग्रजीत टाकलं, तर जेफरसनचा उल्लेख असलेले सगळ्यांचेच कागद येतात, शिवाय वॉर्ड या शब्दाचा पालकत्वातला अर्थ असलेलेही. त्यामुळं नाव शोधपेटीत घालू नका. निकालाच्या बाजूला लेखक, प्राप्तकर्ता आणि कालखंड अशा चाळण्या आहेत. लेखकात जेफरसन निवडा, प्राप्तकर्त्यात कॅबेल, आणि मगच तारखा बघा. १७८९पासूनचे कालखंड राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीनुसार पाडलेले आहेत. १८१६ची पत्रं जेफरसनची असली तरी मॅडिसनच्या कारकिर्दीत मोडतात. जेफरसनच्या कालखंडात शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत आणि संकेतस्थळावर पत्र नाहीच असा गैरसमज होतो.

दुसरी अडचण स्पेलिंगची. मजकूर मूळ लिखाणाबरहुकूम ठेवला आहे. जेफरसनची लेखनपद्धत आजच्या व्याकरणात बसत नाही, अनेक शब्द तो तोडून लिहितो. लांबलचक वाक्य शोधायला टाकलं की एका अक्षरानं घोटाळा होतो. तीन-चार ठळक शब्दच दुहेरी अवतरणात घाला. तेवढ्यानं भागलं नाही, तर शब्द बदलून बघा.

याच रीतीचा सर्वांत रोकडा उपयोग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सुवचनांसाठी आहे. कमीत कमी राज्य करणारं सरकार सर्वांत चांगलं, हे वाक्य जेफरसनच्या नावावर सर्रास खपवलं जातं. त्याच्या कागदांत ते नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकी मासिकाच्या पहिल्या अंकात, १८३७मध्ये, त्या धाटणीचं घोषवाक्य छापलं होतं. तेव्हा जेफरसनला जाऊन ११ वर्षं झाली होती. जे सरकार सगळं देण्याइतकं मोठं असतं ते सगळं काढून घेण्याइतकंही मोठं असतं, हेही त्याचं नव्हे. भाषणात किंवा निबंधात दाखला देण्याआधी इथं एकदा शोधायची सवय लावली, तर निम्मी फजिती टळते.

सापडलेलं पत्र वाचताना तळाच्या टिपा सोडू नयेत. प्रत कुठली हे तिथं आद्याक्षरांत दिलेलं असतं. पत्र ज्याला पाठवलं त्याच्याकडं पोहोचलेली प्रत वेगळी, लिहिणाऱ्यानं स्वतःजवळ ठेवलेली नक्कल वेगळी, कच्चा खर्डा वेगळा. जेफरसन दोन लेखण्या एकदम चालवणारं यंत्र वापरायचा, त्यामुळं त्याच्या नकला मुबलक आहेत. काही पानांच्या माथ्यावर ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ अशी सूचना दिसते. याचा अर्थ मजकूर उतरवलेला आहे, पण संपादकांनी अजून अंतिम केलेला नाही. टिपा नसतात आणि एखादा शब्द पुढं बदलूही शकतो. मॅडिसनच्या म्हातारपणातली बरीच पत्रं या प्रकारात येतात. वाचायला हरकत नाही. प्रबंधात एखाद्या शब्दावर सगळा मुद्दा उभा करायचा असेल, तर छापील खंडाशी ताडून घ्या.

मॅडिसनचा प्रवास हा या संग्रहातला दुसरा मोठा ठेवा. १६ एप्रिल १७८७ला तो वॉशिंग्टनला लिहितो, की राज्यं पूर्ण स्वतंत्र ठेवणं जमणार नाही, सगळी वितळवून एकच प्रजासत्ताक करणंही शक्य नाही आणि शहाणपणाचंही नाही. मधला मार्ग काढू. इथपर्यंत ठीक. पण त्याच पत्रात त्याला राज्यांच्या प्रत्येक कायद्यावर केंद्राचा नकाराधिकार हवा आहे, पूर्वी इंग्लंडच्या राजाला होता तसा. पॅरिसमध्ये असलेल्या जेफरसननं २० जून १७८७च्या पत्रात त्याला उत्तर दिलं, की भोक आणि ठिगळ एका मापाचं असावं. तू तर बारीकसं भोक बुजवायला अख्ख्या अंगरख्यावर कापड चढवतो आहेस. घटना परिषदेनं तो नकाराधिकार फेटाळला. आठ-नऊ महिन्यांत हाच मॅडिसन नव्या घटनेच्या बाजूनं लिहिलेल्या ‘फेडरॅलिस्ट’ निबंधमालेच्या ४५व्या निबंधात सांगतो, की केंद्राचे अधिकार मोजके आणि ठरलेले आहेत, राज्यांचे पुष्कळ आणि मोकळे. पाठ्यपुस्तकात हे दुसरं वाक्य असतं, पहिलं पत्र नसतं. दोन्ही तारखांनिशी शेजारी ठेवली की कळतं, ‘मोजके आणि ठरलेले’ हे शब्द घटनेला मतं मिळवायच्या धामधुमीत लिहिले गेले.

त्या मालेतले ८५ निबंध इथं आहेत, पण एक खबरदारी घ्यावी लागते. बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे यावर दीर्घकाळ वाद होता. त्यामुळं त्यांतले निबंध हॅमिल्टनच्या खंडातही येतात आणि मॅडिसनच्याही. एकाच क्रमांकाचा निबंध दोनदा दिसला म्हणून दोन वेगळे समजू नका.

केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडं किंवा लोकांकडं राहतात, असं सांगणाऱ्या दहाव्या घटनादुरुस्तीवर तर एका शब्दाचं भांडण आहे. आधीच्या महासंघाच्या करारात राज्यांनी ‘स्पष्टपणे’ दिलेले अधिकारच केंद्राला, असं होतं. १८ ऑगस्ट १७८९ला प्रतिनिधिगृहात तो शब्द नव्या दुरुस्तीतही घालावा अशी सूचना आली. मॅडिसननं विरोध केला, कारण गर्भित अधिकार काही ना काही लागतातच, सगळं तपशिलात लिहिता येत नाही. शब्द गळला. दीड वर्षात त्या गळलेल्या शब्दाच्या जागेतून राष्ट्रीय बँक उभी राहिली. अशी बँक काढणं घटनेत बसतं का, यावर जेफरसनचं मत १५ फेब्रुवारी १७९१चं, हॅमिल्टनचं २३ फेब्रुवारीचं. दोन्ही इथं पूर्ण वाचता येतात. जेफरसन म्हणतो, घटनेत ‘आवश्यक’ असं आहे, ‘सोयीचं’ असं नाही. हॅमिल्टन म्हणतो, आवश्यकचा इतका कडक अर्थ लावला तर कुठलंच सरकार चालणार नाही. आपल्या २४३-जी कलमात असाच एक शब्द आहे. राज्याचं विधिमंडळ पंचायतींना अधिकार ‘देऊ शकेल’. २४ एप्रिल १९९३ला त्र्याहत्तरावी दुरुस्ती लागू झाल्यापासून २९ विषयांचं घोडं त्या ‘शकेल’पाशीच थबकतं. घटनेतला एक शब्द पुढं किती पेंड खातो, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्यानं बँकेची ही दोन मतं आधी वाचावीत.

अमेरिकेत राज्यांना घटनेचं कवच आहे, पण त्यांच्या खालच्या काउंटी, शहरं आणि टाउनशिपना नाही. अमेरिकेच्या संघीय घटनेत स्थानिक संस्थांचा उल्लेखच नाही. १८६८मध्ये आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी नियम घालून दिला, की राज्यानं दिले तेवढेच अधिकार शहराला. १८७५मध्ये मिझुरीनं मोठ्या शहरांना स्वतःची सनद लिहिण्याची मुभा देऊन त्यातून वाट काढली. जेफरसनचे वॉर्ड व्हर्जिनियात कधीच अवतरले नाहीत. त्याचं एक कारण त्याच्याच हयातीत घडलं होतं. शाळांसाठी प्रत्येक काउंटीचे छोटे भाग पाडावेत असं त्याचं विधेयक १७७९चं. ते बदलून १७९६मध्ये कायदा झाला, पण तो लागू कधी करायचा हे ठरवायचं काउंटी कोर्टावर सोडलं. कोर्टात बसणारे जमीनदार. शाळेचा कर मुख्यतः त्यांच्यावर पडणार होता. त्यांनी लागू केलाच नाही. अधिकार खाली देताना तो खालच्या कुणाच्या हातात पडतो, हे न पाहिल्याचा हा परिणाम. आपल्याकडं २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत, ते याच खड्ड्यातून वाचण्यासाठी.

आता उणिवा. संग्रह सात माणसांभोवती बांधलेला आहे, आणि ती सातही माणसं घटना करणाऱ्यांच्या किंवा चालवणाऱ्यांच्या बाजूची. केंद्राला इतकी सत्ता नको असं १७८७-८८मध्ये ओरडून सांगणारे पॅट्रिक हेन्री, जॉर्ज मेसन, ‘ब्रूटस’ या टोपणनावानं लिहिणारा निबंधकार यांचे स्वतंत्र विभाग इथं नाहीत. विकेंद्रीकरणाचा अभ्यास करणाऱ्याला हीच बाजू सर्वांत जास्त लागते. अर्धी पळवाट आहे. प्राप्तकर्त्याच्या चाळणीत वॉशिंग्टन घ्या आणि ऑक्टोबर १७८७ बघा. ७ तारखेला मेसननं आपले आक्षेप त्याला पाठवले, ११ तारखेला रिचर्ड हेन्री लीचं पत्र आहे. विरोधक असे टपालातून भेटतात. ‘ब्रूटस’चा १८ ऑक्टोबर १७८७चा पहिला निबंध मात्र बाहेरूनच घ्यावा लागतो; इतका मोठा देश एका प्रजासत्ताकात नीट चालणार नाही, हा त्याचा मुद्दा मोठ्या प्रजासत्ताकाची बाजू घेणाऱ्या मॅडिसनच्या दहाव्या निबंधासमोर ठेवल्याशिवाय दहावा निबंध समजतच नाही.

दुसरी उणीव काळाची. १८३६मध्ये मॅडिसन गेला आणि इथली गोष्टही तिथंच संपते. फ्रेंच लेखक टॉकव्हिलनं न्यू इंग्लंडच्या टाउनशिपचं केलेलं वर्णन, राज्यांच्या हक्कांचा दक्षिणेतला पुरस्कर्ता कॅल्हूनचे सिद्धान्त, यादवी युद्ध, विसाव्या शतकात अमेरिकी लेखक रसेल कर्क यांनी परंपरावादी विचाराची जोडलेली वंशावळ, १९८७चा रेगन यांचा संघराज्यविषयक आदेश, यांतलं काही इथं नाही. परंपरावादी मंडळी फ्रान्सच्या क्रांतीचा ब्रिटिश टीकाकार एडमंड बर्कला मूळपुरुष मानतात. समाज हा छोट्या आपुलकीच्या गटांतून वर उभा राहतो, हे त्यांनी त्याच्याकडून घेतलं. आणि वॉर्ड, राज्यांचे हक्क हे जेफरसनकडून. ही सांधेजोड वाटते तितकी सोपी नाही, याचा पुरावा इथंच आहे. ११ मे १७९१ला जेफरसन बेंजामिन व्हॉनला लिहितो, की फ्रान्सच्या क्रांतीपेक्षा बर्कमध्ये झालेली क्रांती मला जास्त थक्क करते. कर्क यांनीही जेफरसनपेक्षा जॉन अ‍ॅडम्स आणि रोनोकचा जॉन रँडॉल्फ यांना जवळ केलं. ‘अमेरिकन परंपरावादी विचार’ असं एका दमात म्हणणाऱ्यानं हे व्हॉनचं पत्र जरूर उघडावं.

राज्यांच्या हक्कांच्या भाषेला गुलामगिरीची सावली आहे, ती लपवून हा विषय शिकवणं अप्रामाणिक ठरेल. वॉर्डात न्यायाधीश निवडणारा ‘प्रत्येक माणूस’ म्हणजे गोरा पुरुष. पुढं दक्षिणेनं हीच भाषा गुलामगिरीसाठी आणि नंतर वर्णभेदासाठी वापरली. त्याच वेळी विस्कॉन्सिनसारख्या उत्तरेकडच्या राज्यानं पळून आलेल्या गुलामांना परत देण्याचा केंद्राचा कायदा याच भाषेत नाकारला होता. आणि या भाषेचं मूळ रसायन केंद्राच्या कायद्यांविरुद्ध केंटकी राज्यानं केलेल्या १७९८च्या ठरावांत आहे. संपादकांची प्रस्तावना, जेफरसनचा खर्डा, त्याची स्वच्छ प्रत आणि केंटकीच्या विधिमंडळानं मंजूर केलेला मजकूर, असे चारही कागद इथं लागोपाठ मिळतात. खर्ड्यात केंद्राचा कायदा राज्यानं रद्दबातल ठरवण्याचा शब्द आहे. १७९८च्या मंजूर ठरावात तो गाळलेला आहे. १७९९मध्ये तो परत आला. याचा अर्थ जेफरसन फुटीरवादी होता असा नाही. १७९८मध्येच ४ जूनला जॉन टेलरला त्यानं फुटून निघण्याविरुद्ध समजावलेलं पत्र इथंच आहे. १८३०ला दक्षिण कॅरोलिना त्या शब्दाचा आधार घेऊ लागली, तेव्हा मॅडिसननं २८ ऑगस्टला एडवर्ड एव्हरेटला पत्र लिहून तो अर्थ साफ नाकारला. पाच कागद, एक शब्द, ३२ वर्षं. अशी जोडणी कुठलंही पाठ्यपुस्तक करून देत नाही.

मराठीतून शिकवायचं असेल तर ब्राउझरमधल्या आपोआप भाषांतरावर विसंबू नका. युनियनचं कधी ‘संघ’ होतं, कधी कामगार संघटना. काउंटीचा जिल्हा होतो, आणि आपल्या जिल्ह्याच्या मानानं ती फार लहान असते. सर्वांत घातक शब्द ‘फेडरल’. १७८७मध्ये त्याचा रोख राज्यांच्या आपसातल्या करारावर होता. ३९व्या निबंधात मॅडिसन ‘फेडरल’ आणि ‘नॅशनल’ हे दोन परस्परविरुद्ध शब्द म्हणून वापरतो. आज बातम्यांत ‘फेडरल’ म्हणजे वॉशिंग्टनचं सरकार. भाषांतरात दोन्ही जागी ‘केंद्रीय’ आलं की निबंधाचा अर्थच उलटतो. ३९व्यासाठी ‘करारसंघीय’ आणि ‘राष्ट्रीय’ अशी जोडी धरावी, एकदा धरली की शेवटपर्यंत बदलू नये. शिवाय ‘फेडरॅलिस्ट’ म्हणवून घेणारे केंद्र बळकट करा म्हणणारे होते, हे पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहून ठेवावं.

आठ-दहा जणांचा वाचनगट असेल तर सहा बैठका पुरतात. कॅबेलचं पत्र पहिलं घ्यावं, तारखांचा क्रम मोडला तरी चालेल. शाळा, गावसभा आणि अंतर हे विषय ओळखीचे असल्यानं लोक लगेच बोलू लागतात. मग १७८७ची मॅडिसन-जेफरसन देवघेव. तिसऱ्या बैठकीला ३९ आणि ४५ हे निबंध, सोबत बाहेरून आणलेला ‘ब्रूटस’. चौथी बँकेच्या दोन मतांची. हॅमिल्टनचं मत फार लांब आहे, ते सगळं छापू नका; सुरुवातीचा ‘आवश्यक’ या शब्दाचा भाग पुरतो. पाचव्या बैठकीत केंटकीचे कागद, आणि सहावीला ३ मार्च १८१७चा मॅडिसनचा नकार. रस्ते आणि कालवे व्हावेत अशी त्याचीच इच्छा होती, काँग्रेसनं विधेयकही मंजूर केलं होतं. घटनेत तो अधिकार नाही, दुरुस्ती करा, म्हणत त्यानं कारकिर्दीच्या अखेरच्या पूर्ण दिवशी ते परत पाठवलं. १८००चा त्याचा व्हर्जिनिया अहवाल टाळा. महत्त्वाचा आहे, पण सहा बैठकांच्या गटाचा दम तिथंच जातो.

छापताना ब्राउझरची थेट छपाई दिली तर टिपा आणि बाजूचे दुवेही कागदावर उतरतात. मजकूर निवडून साध्या फाइलमध्ये चिकटवा, अक्षर १२चं ठेवा, डावीकडं दोन इंचांचा समास सोडा. मराठी प्रतिशब्द लिहायला तो लागतो. प्रत्येक कागदाच्या तळाशी त्या पानाचा कायमचा दुवा दिलेला असतो. तो आणि पत्राची तारीख प्रतीवर वरच लिहून मग झेरॉक्सला द्या. केंटकीचा खर्डा आणि मंजूर ठराव मात्र एकाच आडव्या कागदावर दोन रकान्यांत छापा, म्हणजे गाळलेली ओळ कुणी न दाखवता दिसते.